मोबाईलची साक्ष

कामरगावच्या बाजाराजवळ सोयाबीन साठवायची पत्र्याची मोठी शेड आहे. गुरुवारी दुपारी त्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. अडीचशे माणसं तरी असतील, आणि बहुतेकांच्या हातात मोबाईल होता. एरवी बुवापुढे माणसं हात जोडून बसतात. इथे तेही जमत नव्हतं, कारण हात मोबाईल धरण्यात गुंतले होते.

समोर गादीवर इंद्रभान महाराज बसले होते. गुलाबी फेटा, पांढरं धोतर आणि मनगटावर चकाकणारं स्मार्ट घड्याळ. तीन वर्षांपूर्वीपर्यंत हे गृहस्थ अमरावतीला रसवंती चालवायचे. उसाचा रस पाजणारा माणूस आता लोकांची साखर उतरवायला बसला होता, आणि गावात कुणालाही त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं.

"मी काही बोलत नाई!" महाराजांनी दोन्ही हात वर केले. "मी बोललो तं तुमी म्हणसान, बुवा लबाड हाय. मंग मी कायले बोलू? साक्षीदार तुमच्या हातात हाय. थो कोनाच्या बापाले भेत नाई, कोनाचं मीठ खात नाई. इचारा त्याले, साखरेवर जालीम इलाज कोनता?"

अडीचशे तोंडं मोबाईलजवळ गेली. "साखरेवर जालीम इलाज" हे शब्द शेडभर घुमले. आणि एकच गलका झाला. ज्याच्या-त्याच्या मोबाईलवर सगळ्यांत वर एकच नाव आलं होतं, 'साखरमुक्ती पीठ, कामरगाव', आणि शेजारी गुलाबी फेट्याचा फोटो.

"पाहा! मुंबईचे डॉक्टर, पुन्याचे डॉक्टर, सारे माह्या खालते! हे मी लावलं का? साऱ्या दुनियेच्या मशीनीनं लावलं!"

शेडच्या दाराशी चंदना उभी होती. समोरच्या 'कस्तुरचंद मेडिकल'ची ही सून. बी. फार्म झालेली, वाशीमची. नवरा श्रेयांस कारंजाचं दुकान पाहायचा आणि कामरगावचं दुकान चंदना सांभाळायची. तिनेही आपल्या मोबाईलला तोच प्रश्न विचारला होता. तिच्याकडे अकोल्याची दोन हॉस्पिटलं आली, पथ्याची माहिती आली, औषधांची नावं आली. महाराजांचा पत्ताच नव्हता.

तिने मोबाईल शेजारच्या चंदाबाईंना दाखवला. "काकू, माझ्यात तर नाही येऊन राह्यलं."

"तुमचा इश्वास नाई ना भाभी," चंदाबाई सहज म्हणाल्या. "महाराजायनं सांगतलंच हाय. मनात किल्मिष असलं का मोबाईलची काच आंधळी होते."

म्हणजे दिसलं तर महाराज खरे, आणि नाही दिसलं तर पाहणारा खोटा.

मग दुसरा चमत्कार सुरू झाला. महाराजांनी डोळे मिटले, कपाळावर अंगठा टेकवला. "एका माउलीनं परवा घरात एकलीनं इचारलं. लेकराची सुई बंद केली तं काय होईल? कोनाले सांगतलं नाई. नवऱ्याले बी नाई. माउली, उभी राह्य."

गर्दीतून रूपाली उभी राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शेजारी तिचा नवरा जगदेव तोंड उघडं ठेवून तिच्याकडे पाहत होता, आणि मध्ये त्यांची अकरा वर्षांची मयुरी.

"तुह्या लेकराले टोचून टोचून चाळनी करून टाकली या डॉक्टरायनं," महाराज म्हणाले. "आजपासून सुई अर्धी. चूर्ण दोन वेळा. पुढच्या गुरुवारी इथंच सुई-विसर्जन! ज्याच्या गोळ्या, ज्याच्या सुया, साऱ्या या घंगाळात!"

टाळ्या वाजल्या. बाकीच्यांच्या गोळ्या आठ दिवस चुकल्या तर नुकसान होणार होतं, पण मयुरीची गोष्टच वेगळी होती. त्या पोरीच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही. तीन वर्षांपासून ती रोज चार वेळा टोचून घेते आणि त्यावर जगते. अर्ध्यावर आणलं तर ती झिजणार, आणि बंद केलं तर दोन-चार दिवसांत जिवावर बेतणार. हे चंदनाला जितकं स्पष्ट ठाऊक होतं तितकंच हेही, की शेडमधल्या गर्दीला आज ते सांगून उपयोग नव्हता.

मंगळवार उजाडला तरी मयुरीच्या इन्सुलिनच्या पेनात घालायची कुपी न्यायला कुणी आलं नाही. चंदनाने दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि थेट रूपालीचं घर गाठलं.

मयुरी खाटेवर पडली होती. ओठ सुकलेले, गालफडं आत गेलेली. उशाशी पाण्याचा तांब्या होता आणि तो रिकामा होता.

"किती पाणी पिऊन राह्यली ही?"

"लय," रूपाली म्हणाली. "महाराजायनं सांगतलं, साखर धुऊन निघून राह्यली."

"धुऊन नाही निघत रूपाली, पोरगी वाळून राह्यली. अंगात साखर चढते म्हणून तहान लागते. आज पूर्ण डोस दे. मी डॉक्टरांना फोन लावते, आत्ताच कारंजाले घेऊन जाऊ."

"भाभी, तुमी मले एवढंच सांगा." रूपालीने पदराने तोंड पुसलं. "त्यायनं कसं वळखलं? मी कोनालेच बोलली नव्हती. पोरगी रातभर रडली होती, मले सुई नको म्हणे. म्हणून मी सैपाकघरात मोबाईललेच इचारलं. भितीले बी ऐकू गेलं नसंल. मंग महाराजाले कसं समजलं?"

चंदनाला ठाऊक असलेलं सगळं शरीरशास्त्र एका बाजूला आणि या बाईचा हा एक प्रश्न दुसऱ्या बाजूला. तो सुटल्याशिवाय ही आई सुई हातात घेणार नव्हती.

"तुझा मोबाईल दे बरं."

रूपालीने दिला. चंदनाने शोधायच्या चौकटीवर बोट ठेवलं, तशी खाली जुन्या प्रश्नांची यादी उघडली. 'ट्रॅक्टरचा टायर जुना विकणे.' 'सासू बोलते तेव्हा काय करावे.' 'आज सूर्यास्त किती वाजता.' 'नवकारशीची वेळ.'

"हे तू विचारलंस?"

"नाई बाप्पा. थे मोबाईल आपल्या मनानंच काही बी दाखवते."

"नवकारशी म्हणजे काय, माहीत आहे?"

रूपालीने मान हलवली. तिला कसं माहीत असणार? सूर्य उगवल्यावर अठ्ठेचाळीस मिनिटं तोंडात पाणीही घ्यायचं नाही, हा जैनांचा नेम. आणि दिवस मावळल्यावर खायचं नाही, म्हणून रोज सूर्यास्ताची वेळ मोबाईलला विचारणारं माणूस कामरगावात एकच होतं. ते चंदनाच्याच घरात राहत होतं. तिचे सासरे, कस्तुरचंद शेठ.

चंदनाने यादीच्या वरच्या कोपऱ्यातल्या गोल चिन्हावर बोट दाबलं. मोबाईल रूपालीचा, पण त्यावरचं खातं रूपालीचं नव्हतं. तिथे लिहिलं होतं, 'लखन मोबाईल शॉपी'.

"मोबाईल लखनकडून घेतला होता?"

"साऱ्या गावानंच त्याच्याकून घेतला. ईमेल का काय लागते म्हने, थे थोच टाकून देते. आमाले कुठं येते?"

लखन हा महाराजांचा सख्खा भाचा. चंदना समजावून सांगणार, इतक्यात जगदेव दारात आला. त्याने बायकोच्या पुढ्यातला मोबाईल पाहिला, भाभीचं बोलणं अर्धंमुर्धं ऐकलं, आणि मोबाईल काढून घेतला.

"भाभी, राग नका मानू. पन सुया बंद झाल्या तं दुकान तुमचं बसते, माहं नाई. साऱ्या गावाचा मोबाईल खोटा आन् तुमचा एकटीचा खरा? डॉक्टरकडं गुरुवारनंतर पाहू."

"जगदेवभाऊ, गुरुवार लांब आहे. निदान डोस तरी पूर्ण द्या!"

त्याने मोबाईल खिशात टाकला. चंदना बाहेर पडली.

घरी कस्तुरचंद शेठ ओसरीवर बसले होते. तेही महिनाभरापासून महाराजांच्या बाजूला झुकले होते. त्यामागे कारण होतं. महाराजांनी भर गर्दीत म्हटलं होतं, "शेठजी, बसायले लय तरास होऊन राह्यला ना?" आणि तो त्रास शेठजींनी घरात बायकोलाही सांगितला नव्हता.

"बाबूजी, तो त्रास तुम्ही मोबाईलला विचारला होता का?"

शेठजींचे कान लाल झाले. "तुले कोनं सांगतलं?"

चंदनाने त्यांचाच मोबाईल हातात घेऊन दाखवला. तेच गोल चिन्ह, तेच लखनचं खातं, आणि यादीत रूपालीचा प्रश्न जसाच्या तसा: 'मुलीचे इन्सुलिन बंद केले तर काय होते.' शेठजींनी तो दोनदा वाचला.

"म्हंजे माही मूळव्याध साऱ्या गावाच्या मोबाईलात?"

"हो बाबूजी."

त्यांनी मोबाईल घेऊन पालथा ठेवला. मग हळूच म्हणाले, "आन् त्या लेकराचं काय?"

"त्याच्यासाठीच तुमची मदत पाहिजे. या मोबाईलात एक खोटी गोष्ट विचारायची आहे."

"खोटं मी बोलनार नाई बेटा, माहा नेम हाय." त्यांनी मोबाईल उचलला आणि चंदनासमोर ठेवला. "पन मोबाईल माहा हाय. थो मी इथं ठेवला. पुढं तुह्या मनाची तू धनी."

चंदनाने मोबाईल तोंडाशी नेला आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "सुनेच्या डाव्या डोळ्याला दिसत नाही, मेडिकलची औषधं वाचता येत नाहीत, काय करावं?" बुधवारीही दोनदा तिने तेच विचारलं. बुधवारी ती पुन्हा रूपालीच्या घरी गेली, तर दाराला आतून कडी होती. डॉक्टरांनी फोनवर एकच सांगितलं, उलट्या सुरू झाल्या तर एक तासही थांबू नका.

गुरुवारी शेड पुन्हा भरली. मधोमध तांब्याचं घंगाळ ठेवलं होतं. चंदना पिशवीत साखर मोजायचं यंत्र घेऊन खांबाला टेकून उभी होती. समोर रूपालीच्या मांडीवर मयुरीचं डोकं होतं. पोरीने सकाळी दोनदा उलटी केली होती, असं चंदाबाईंनी आताच सांगितलं. तिचा श्वास जोरजोरात चालला होता. चंदनाने ठरवलं, महाराजांनी गळ गिळला नाही तरी दहा मिनिटांत पोरीला उचलायचं, मग गाव मारो की काही करो.

तीन माणसांनी गोळ्यांची पाकिटं घंगाळात टाकली. जगदेव खिशातलं इन्सुलिनचं पेन काढून रांगेत उभा राहिला. आणि महाराजांनी डोळे मिटून कपाळाला अंगठा लावला.

"आज मले एक सून दिसून राह्यली. रोज लोकायले औषधी वाटते, पन तिचाच दिवा इझून राह्यला. डावा डोळा! चिठ्ठी वाचता येत नाई. भाभी, लाजू नको, समोर ये. कंपनीचं औषध खाऊन नजर वापस येत नसते!"

सगळी शेड चंदनाकडे वळली. ती चालत पुढे गेली. तिने घंगाळाशेजारचा चूर्णाचा डबा उचलला.

"कोणता डोळा म्हणालात महाराज?"

"डावा. माह्यापासून काही लपत नाई."

चंदनाने तळहाताने उजवा डोळा गच्च झाकला, डबा समोर धरला आणि तळाची मुंगीएवढी अक्षरं मोठ्याने वाचली, "मेथी, जांभळाचं बी, कडुलिंब. हे उत्पादन कोणताही आजार बरा करण्याचा दावा करत नाही." मग हात खाली घेतला. "डोळा ठणठणीत आहे. मला काहीही झालेलं नाही. डोळ्याची गोष्ट मी मंगळवारी बाबूजींच्या मोबाईलात बोलले. मुद्दाम, खोटी. तेव्हा तिथे आम्ही दोघंच होतो."

"मोबाईल माहा होता," मागून कस्तुरचंद शेठ उभे राहिले. "आन् बसायच्या तरासाचं बी मी मोबाईललेच इचारलं होतं. घ्या, आता साऱ्या गावानं ऐकलं."

कुणीतरी फिसकन हसलं, पण लगेच थांबलं.

"आता सगळ्यांनी शोधायच्या चौकटीवर बोट ठेवा," चंदना म्हणाली. "काही बोलू नका. नुसतं बोट ठेवा आणि खाली काय येतं ते वाचा."

डाव्या बाजूने देवमन जीपवाला ओरडला, "भाभीचा डोळा माह्या मोबाईलात!" "माह्या बी!" "अन् माह्या बी!" बायका एकमेकींच्या मोबाईलमध्ये डोकावू लागल्या, आणि पाठोपाठ पुष्कळ माना खाली गेल्या. आपण रात्री-बेरात्री मोबाईलला काय काय विचारलं, ते ज्याचं त्याला आठवत होतं.

"लखनने सगळ्यांच्या मोबाईलात एकच खातं टाकलं," चंदना म्हणाली. "सुरुवातीला कंटाळ्याने टाकलं असेल. खातं एक, म्हणजे वही एक. तुम्ही घरात जे विचाराल ते त्या वहीत उतरतं, आणि ती वही त्याचा हा मामा त्याच्या दुकानात बसून वाचतो. इन्सुलिन घेणारं लेकरू गावात एकच आहे, मेडिकलवाली सून एकच आहे. नाव ओळखायला अंतर्ज्ञान कशाला लागतं?"

"आन् याचं नाव सगळ्यायच्यात वर कसं येते?" देवमनने विचारलं.

"मशीन माणसाची आवड पाहून उत्तरं लावते. काल जे उघडलं, रोज जे पाहिलं, तसलंच आज वर आणते. तुमचे सगळे मोबाईल तिच्या लेखी एकच माणूस आहे, आणि हा माणूस रोज महाराजांचं पान उघडतो. मग ती तेच वर दाखवणार. कारंजाच्या, वाशीमच्या माणसाला विचारून पाहा, त्याला हे पान दिसणार नाही."

"ही शंकासुरीन हाय!" महाराज ओरडले. "लखन, हिले बाहेर काढ! लखन!" पण लखन मागच्या दाराने केव्हाच निघून गेला होता.

जगदेव अजून पेन हातात धरून उभा होता. "मंग भाभी, तुमच्या मोबाईलात जे येते थे खरं काहून?" त्याने विचारलं. आवाजात आता चढेलपणा नव्हता. त्याला खरोखर उत्तर हवं होतं.

"माझ्याही मोबाईलचं ऐकू नका, जगदेवभाऊ. मी रोज औषधांचं शोधते म्हणून मला औषधांचं दिसतं. तोही माझीच आवड सांभाळतो." तिने पिशवीतून यंत्र काढलं. "याचं ऐका. बोट कुणाचं आहे, ते कुणाला मानतं, याला काही कळत नाही. पोरीचं बोट द्या."

रूपालीने स्वतःच मयुरीचा हात पुढे केला. रक्ताचा थेंब पट्टीवर लागला. पाच सेकंदं गेली. यंत्रावर आकडा आलाच नाही. साखर यंत्राच्या मापापलीकडे गेली होती, आणि तसं झालं की ते आकड्याऐवजी इशारा दाखवतं.

"हे काय हाय भाभी?" रूपालीने विचारलं.

"मोजता येत नाही इतकी साखर. आता एक मिनिटही नाही. देवमनभाऊ, जीप!"

जगदेवने पोरीला उचललं आणि तो पळत सुटला. घंगाळ कुणाच्या तरी पायाने कलंडलं. चंदनाने जीपमधूनच डॉक्टरांना फोन लावला आणि त्यांनी सांगितल्याप्रमाणे सगळं करत गेली. कारंजाच्या वाटेवर रूपाली पोरीच्या तोंडाशी कान लावून बसली होती आणि श्वास मोजत होती.

मयुरी वाचली. तीन दिवस सलाईन आणि इन्सुलिन चालू होतं. चौथ्या दिवशी तिने भाकर मागितली. महाराज आणि लखन यांच्याविरुद्ध गावाने पोलिसांत तक्रार दिली, आणि तक्रारीवर पहिली सही कस्तुरचंद शेठनी केली. पुढचे आठ दिवस चंदना दुकानाच्या पायरीवर बसून एकेकाच्या मोबाईलात त्याचं स्वतःचं खातं उघडून देत होती.

वाचकहो, तुम्ही म्हणाल, आमचं खातं आमचंच आहे, आम्हाला कोण फसवतो? पण तुमच्या मोबाईलातही एक वही आहेच, आणि तुम्हाला पहिलं उत्तर कोणतं दाखवायचं ते ठरताना तीही चाळली जाते. त्यात दैवी काही नाही आणि राक्षसीही नाही, नुसता हिशेबी कारभार आहे. म्हणून महत्त्वाचा प्रश्न असेल तर तोच प्रश्न वेगळ्या विचाराच्या माणसाच्या मोबाईलवरही विचारून पाहा. दहावं उत्तरही वाचा. आणि ज्याची परीक्षा घेता येते, त्याची परीक्षा घ्या.

हे मी लांबण लावून सांगितलं. रूपालीने ते थोडक्यात सांगितलं. गावाच्या ग्रामसभेत तिला बोलायला उभं केलं, तेव्हा ती आधी रडली, मग पदर खोचून उभी राहिली.

"मले सुई बंद झालेली पाह्यजे होती. पोरीचं रडनं मले पाहवत नव्हतं. मोबाईलनं मले पाह्यजे थेच दाखवलं, म्हणून मले थो देव वाटला. दवाखान्यात डॉक्टर माह्यावर लय रागावले. सगळ्यायसमोर रागावले, म्हणाले, तू आई हायेस का कोन? मले लय लागलं. पन बायायनो, ऐका. थो मोबाईल महिनाभर माह्याशी बोलला आन् एक डाव बी रागावला नाई. तवाच मले समजाले पाह्यजे होतं, का याले माह्या लेकराचं काहीच पडलं नाई."